दोरीवरची सतरंजी

दार आतून लावलेलं होतं, आणि बंद दाराआड कुणीतरी परका पुरुष अतिशय शांत, गोड आवाजात सांगत होता, "आता पाय आणखी वर... आणि श्वास रोखून धरा..."

थोरलीच्या हातात लिंबाच्या सरबताचा पेला होता. क्षणभर तिला काही उमगेना. मग लक्षात आलं, हा आवाज मोबाइलमधला आहे, आणि त्याच्या हुकमाबरोबर आत जे काही चाललं आहे ते धाकटीचं चाललं आहे... धाकटीचं! जिला नुकताच तिसरा महिना लागला होता, जिला सासूबाई पलंगावरून पाय खाली टेकवू देत नव्हत्या, ती आपली धाकटी जाऊ बंद खोलीत श्वास कोंडून, पाय वर करून खांद्यांवर उभी होती!

दुसरी कुणी असती तर दारावर धाडधाड थापा मारत सुटली असती. पण थोरली योगाची शिक्षिका होती. गावातल्या वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये तिचा वर्ग भरत असे, आणि दचकलेलं शरीर धपकन खाली येतं हे तिला पुरतं ठाऊक होतं. तिने पेला खिडकीत ठेवला, दाराच्या फटीशी तोंड नेलं, आणि वर्गातल्या त्या सावकाश, पक्क्या आवाजात ती म्हणाली,

"मी आहे गं. घाबरू नकोस. आधी श्वास सोड... सोडलास? बोलून दाखव."

आतून हुंदका आला. "ताई, मानेत कळ येतेय... मला खाली येता येत नाहीये!"

"येता येतंय. मान अजिबात वळवू नकोस. हात कमरेलाच राहू देत. गुडघे कपाळाकडे वाकव. हं, शाब्बास... आता एकेक मणका खाली टेकव. घाई काय आहे? गाडी थोडीच चुकतेय आपली?"

आत काहीतरी हलकेच टेकल्याचा आवाज झाला. मग बराच वेळ नुसते श्वास. मग कडी निघाली आणि घामाने निथळलेली, पांढरीफटक पडलेली धाकटी थोरलीच्या गळ्यात पडली.

"काय चाललंय?"

मागच्या खोलीच्या दारात सासूबाई उभ्या होत्या. हातात कात्री, खांद्यावर मापाची फीत, डोळ्यांवर शिवणाचा चष्मा. शिवणकाम हा त्यांचा जन्माचा व्यवसाय. अर्ध्या गावाच्या लग्नातले कपडे त्यांनी शिवले होते. त्यांनी खाली पसरलेली चादर पाहिली, अजून बडबडणारा मोबाइल पाहिला, आणि त्यांची नजर थोरलीवर येऊन थांबली.

"माझ्या घरात पुन्हा तेच? मोठे, तू शिकवलंस हिला हे?"

"नाही आई, ताईंना काही माहीत नव्हतं!" धाकटी रडत रडत सांगू लागली. "मीच... दिवसभर पडून पडून पाठ ताठते हो माझी. नुसती मळमळ, नुसती भीती. ताईंच्या वर्गाला जायचं नाही म्हणालात, म्हणून मोबाइलवर बघून..."

लग्नाआधीपासून ती थोरलीच्याच वर्गातली. चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासायची तिची नोकरी. दिवसभर उभं राहून आंबलेलं अंग घेऊन ती संध्याकाळी हॉलचा जिना चढायची. तिथेच वहिनीला डबा द्यायला आलेल्या दिराशी तिची गाठ पडली, आणि शिष्येची जाऊ झाली. इतक्या वर्षांची सवय एका दिवसात तोडली, तर शरीर चोरवाटा शोधणारच!

थोरलीने धाकटीला पलंगावर बसवलं, सरबत पाजलं, पदराने तिची मान पुसली. मग ती सासूबाईंकडे वळली.

"आई, उद्या मी हिला डॉक्टरीणबाईंकडे नेते. त्या नको म्हणाल्या तर नको. पण हो म्हणाल्या, तर हिला मीच शिकवीन. इथे, बाहेरच्या खोलीत, दार सताड उघडं ठेवून."

"शब्द दिला होतास तू मला! उंबऱ्याच्या आत आसनाचं नाव काढणार नाही म्हणून!"

"दिला होता. आजवर पाळला. पण त्या शब्दापायी ही पोरगी दार लावून मान मोडून घेणार असेल, तर तो शब्द मला नको."

 इतक्या वर्षांत या सुनेने उलट उत्तर दिलं नव्हतं. आणि मग रागाच्या भरात सासूबाईंच्या तोंडून ते वाक्य गेलं, "एक घालवलंस... आता दुसरं घालवायला निघालीस?"

 धाकटीने तोंडावर हात ठेवला.

 रिकामा पेला उचलून थोरली स्वयंपाकघरात गेली, तो घासला, उपडा घातला, आणि ओट्याला धरून उभी राहिली. डोळ्यांतलं पाणी तिने गालावर येऊ दिलं नाही... ती सवय जुनी होती.

किती जुनी! त्या वर्षी सासरे गेले होते. नवरा जहाजावर इंजिनीअर, तो वडिलांचं कार्य उरकून पुन्हा दूर कुठल्यातरी समुद्रावर. धाकटा दीर कॉलेजसाठी परगावी. घरात सासू आणि सून, दोघीच. सासूबाई तासन्‌तास खिडकीशी बसून राहायच्या, जेवणाचं नाव काढलं की मान फिरवायच्या. अशात थोरलीला दिवस राहिल्याचं कळलं आणि त्या वाळलेल्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू उमटलं! घराला रंग काढू या, त्यांनीच म्हटलं. रंगारी आले. पहिल्याच दिवशी थोरलीच्या आसनांच्या सतरंजीवर रंगाचा डबा लवंडला, तर सासूबाईंनी स्वतः ती संध्याकाळी घासून घासून धुतली आणि अंगणातल्या दोरीवर टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन सरकवायचं होतं. लोखंडी पायांचं ते जुनं शिलाई मशीन. रंगारी चहा पीत होते. "मोठे, जरा हात लाव गं," सासूबाई म्हणाल्या, तिने लावला. दुपारी तिच्या पोटात दुखू लागलं. संध्याकाळी, दवाखान्यातल्या हिरव्या पडद्याआड, सगळं संपलं होतं...

आणि पडद्याबाहेर सासूबाई भिंतीवर कपाळ आपटत होत्या. "मी! मीच मशीन सरकवायला लावलं! माझ्या हाताने मारलं मी त्याला!" घरी आल्यावर त्यांनी अन्नच काय, पाणीही सोडलं. नवरा गेला, नातवंड गेलं; आता या बाईला धरून ठेवणारं काहीच उरलं नव्हतं. थोरली अंथरुणातून उठली, भिंत धरत धरत त्यांच्या खोलीत गेली, आणि तिच्या तोंडून ते खोटं अगदी सहज निघालं.

"आई, मशीनमुळे काही झालं नाही. मी... मी सकाळी हलासन केलं होतं. तुम्ही रागवाल म्हणून सांगितलं नाही."

सासूबाईंनी मान वर केली. बुडणाऱ्याच्या हाती फळी लागावी तसं ते वाक्य त्यांनी धरलं. आधी अविश्वास, मग संताप... आणि तो संतापच त्यांना उभं करून गेला! त्या बोलल्या, ओरडल्या, नको नको ते म्हणाल्या. पण सुनेला बोल लावता लावता त्यांनी समोरचं ताट ओढलं आणि जेवल्या. थोरलीने त्यांच्याकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, असू दे. मी तरुण आहे, मला झेपेल.

तिची कूस पुन्हा उजवली नाही. नातेवाइकांत कुजबुज पिकली. 'अंगाची घडी घालायची हौस' हा टोमणा लग्नाकार्यात ऐकू येऊ लागला. सुट्टीपुरता घरी येणाऱ्या नवऱ्यालाही तिने खरं सांगितलं नाही. त्याच्या तोंडून आईला कळेल, ही भीती! आणि इतक्या वर्षांनी आज तिला दिसलं, की आपण एका जिवाला वाचवायला जे खोटं बोललो, तेच दुसऱ्या जिवाच्या पाठी लागलंय. धाकटीची सारी भीती त्या एका वाक्यातून उगवली होती.

ओट्यावरचा हात तिने काढला. रडून भागणार नव्हतं. शिकवायला हवं होतं.

डॉक्टरीणबाई तेव्हाच्याच होत्या, फक्त केस पांढरे झाले होते. त्यांनी धाकटीला नीट तपासलं, सोनोग्राफीत टिकटिकणारा ठिपका दाखवला, आणि घडला प्रकार ऐकून चष्म्यावरून पाहिलं.

"खांद्यांवर उभी? तीही श्वास कोंडून? आणि तू दुसऱ्यांचे डोळे तपासतेस?"

धाकटी ओशाळून हसली.

"सवयीचं अंग आहे, हलकं हलकं चालू ठेवायला माझी हरकत नाही. पण उलटं काही नाही, पोटावर पडायचं नाही, पोट पिळायचं नाही, श्वास रोखायचा नाही, भात्यासारखा जोरात फेकायचाही नाही. सांधे या दिवसांत सैल होतात. ताणता येतंय म्हणून ताणू नकोस. डाग दिसला, चक्कर आली, पोटात दुखलं, तर तिथेच थांबायचं आणि थेट माझ्याकडे यायचं. बाकी ही तुझी जाऊ आहेच." थोरलीकडे बघताना त्यांचा आवाज मऊ झाला. "हिला तर सगळं माहीत आहे."

घरी वर्ग सुरू झाला. सकाळी, दार सताड उघडं. थोरलीने हॉलमधून आपली जुनी जाड सतरंजी घरी आणली. धाकटीला आधी एखादं बिस्कीट खायला लावायची. रिकाम्या पोटी मळमळ वाढते आणि भरल्या पोटी वाकवत नाही, म्हणून. मग खांदे फिरवणं, भिंतीला हात टेकून ताठ उभं राहणं, गुडघ्या-हातांवर येऊन मांजरीसारखी पाठ हळूच वर, हळूच सरळ, तळवे जुळवून बसणं, आणि शेवटी डाव्या कुशीवर उशी घेऊन विसावा.

"आणि सारखं बोलत राहायचं," थोरलीने पहिल्याच दिवशी बजावलं. "ज्या क्षणी धाप लागून बोलता येणार नाही, तिथे आसन संपलं."

"बोलायची तिला सक्ती?" दारात बूट चढवणारा दीर म्हणाला. "वहिनी, अगं पाण्यात माशाला पोहायला लावतेस!"

"तू नीघ रे!" धाकटी मांजरीच्या पवित्र्यातून ओरडली, आणि मग तिची कथा सुरूच राहिली. "तर ताई, ते आजोबा म्हणतात, चष्मा चुकीचा दिलात, बायको अजून तशीच दिसतेय..."

मागच्या खोलीत मशीन धडधडत असायचं, नेहमीपेक्षा जास्तच जोरात. धाकटी हसली की ते आणखी जोरात. सासूबाई सुनांशी बोलत नव्हत्या. जेवताना "मीठ" एवढंच म्हणायच्या, तेही भिंतीकडे बघून. पण हळूहळू धाकटीच्या गालांवर रंग आला, तिची झोप सुधारली, दुकानात ती खुर्ची मागून बसू लागली. थोरलीच्या मनाला एक खोल समाधान वाटत होतं. बोल लागले तर लागले. बाळ तर सुखात होतं!

आणि मग एका सकाळी सतरंजी जागेवर नव्हती.

दोघी शोधत अंगणात आल्या. कोवळं ऊन नुकतं पडत होतं. सासूबाई दोरीपाशी उभ्या होत्या, कोपरापर्यंत ओल्या, आणि दोरीवर ती जाड सतरंजी, पाण्याने जड होऊन, मधोमध लोंबत टपटप ठिबकत होती.

"मळली होती," त्या तुटकपणे म्हणाल्या. "धुतली."

कालच झटकलेली सतरंजी! धाकटीला काय ते समजलं. तिने हनुवटी वर केली. "हरकत नाही. ताई, आज फरशीवरच करू या आपण."

"नाही," थोरली म्हणाली.

"एक दिवसाने काय होतंय?"

"ओल्या सतरंजीवर नाही, आणि फरशीवर तर नाहीच. मी शिकले तेव्हापासून उघड्या फरशीवर एकसुद्धा आसन केलेलं नाही. हॉलमध्येही सतरंजी नसली तर मी वर्ग सोडून देते, विचार कुणालाही. आज सुट्टी. चल, चहा करू."

ती वळली. दोन पावलं गेली असेल नसेल...

"मोठे."

तो आवाज सासूबाईंचा होता, आणि तरी त्यांचा नव्हता. त्या सुनेकडे पाहत नव्हत्या. त्या सतरंजीकडे पाहत होत्या. खालच्या काठावर, कितीही धुतला तरी न गेलेला, फिकट पिवळ्या रंगाचा एक ओघळ होता. त्यांनी त्या डागावर बोट ठेवलं.

"हा रंग... मीच धुतला होता ना हा? अशीच टाकली होती मी ही. इथेच. आदल्या संध्याकाळी." त्यांनी मागच्या खिडकीकडे पाहिलं. "सकाळी मशीन सरकवलं तेव्हा खिडकीतून दिसत होती मला... ठिबकत होती अजून..."

थोरली जागच्या जागी खिळली.

"मोठे, इकडे बघ. सतरंजी दोरीवर होती. मग त्या सकाळी तू हलासन कशावर केलंस?"

 सतरंजीतून पाणी ठिबकत होतं. थोरलीने तोंड उघडलं. आणखी एक खोटं ओठांवर आलंही होतं. पण धाकटी तिथेच उभी होती, पोटावर हात ठेवून.

"त्या सकाळी मी काहीच केलं नाही, आई," ती म्हणाली. "चहा केला होता. तुम्हाला आणि रंगाऱ्यांना."

सासूबाई मटकन पायरीवर बसल्या. "म्हणजे मशीन... म्हणजे मीच! देवा रे... मीच होते, आणि इतकी वर्षं मी हिला..."

"नाही!" थोरली त्यांच्यापुढे गुडघे टेकून बसली. त्यांचे ओले हात तिने घट्ट धरले, आणि तोच वर्गातला आवाज, सावकाश, पक्का. "आधी श्वास सोडा. सोडलात? आता ऐका. मशीन नाही, हलासन नाही, तुम्ही नाही, मी नाही. डॉक्टरीणबाईंनी मला तेव्हाच सांगितलं होतं. गर्भ मुळातच नीट धरला नव्हता. कुणाच्या कशानेही तो राहणार नव्हता."

"मग मला का नाही सांगितलंस? का खोटं बोललीस, अगं?"

"सांगितलं होतं. तुम्ही ऐकण्याच्या पलीकडे गेला होतात. तुम्हाला कुणीतरी गुन्हेगार हवा होता, आई. तुम्ही स्वतःलाच धरलं होतंत, आणि धरून गळा आवळत होतात. मी म्हटलं... त्यापेक्षा मला धरा."

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. ती नुकती अंथरुणातून उठलेली, भिंत धरत आलेली कोवळी मुलगी त्यांना या पिकू लागलेल्या केसांआड पहिल्यांदाच दिसली असावी. त्यांनी ओंजळीत तिचं तोंड धरलं, आणि त्या घरात वर्षानुवर्षं अडून राहिलेलं रडणं एकदम फुटलं. धाकटीने दोघींच्या खांद्यांवर हात टाकले. कोण कुणाचे डोळे पुसतंय याचा मेळ उरला नाही.

त्याच दिवशी सासूबाई नवी साडी नेसल्या आणि थोरलीला बरोबर घेऊन डॉक्टरीणबाईंकडे स्वतः गेल्या. "मला तुमच्याच तोंडून ऐकायचंय," त्या खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाल्या.

"आजी, तेव्हाही हेच सांगत होते मी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "असे गर्भ बहुतेक वेळा मुळातच कच्चे असतात. एकदा मशीन सरकवल्याने तसं होत नाही. पण तुम्ही भिंतीशी बोलत होतात. आज माझ्याशी बोलताय, बरं वाटलं."

परतताना त्यांनी सबंध रस्ता थोरलीचा हात सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सतरंजी बाहेरच्या खोलीत अंथरलेली होती. काठ ओढून, सुरकुती न ठेवता, शिंपिणीने कापड पसरावं तशी. मागच्या खोलीतून हाक आली, "अगं, हे मशीन जरा उजेडाकडे सरकवायला हवं!"

दोघी जावा जागीच थबकल्या.

"तुम्ही नाही!" आतून लगेच आवाज चढला. "खबरदार एकीनेही हात लावलात तर! कुठे गेला तो माझा लांबडा मुलगा? नुसते टोमणे मारायला येतात त्याला!"

दीर धावत गेला. मशीन फरफटल्याचा आवाज, त्याचं कण्हणं, आईचं "हळू रे, फरशी फोडशील!" आणि मग वर्गभर ते मशीन चालत राहिलं, पण धडधडत नव्हे, मध्येच थांबून, कान देऊन, पुन्हा सुरू होत. धाकटीची दुकानातली कथा रंगात आली तेव्हा मागून चक्क हसू ऐकू आलं.

विसाव्याची वेळ झाली. धाकटी डाव्या कुशीवर वळली, एवढ्यात सासूबाई दारात आल्या. हातात नव्या कापडाच्या, कापूस गच्च भरलेल्या लांबट उशा होत्या. एक त्यांनी वाकून धाकटीच्या गुडघ्यांमध्ये ठेवली, पोटाला आधार येईल अशी सारखी केली.

दुसरी हातातच होती.

"ही कुणाची, आई?" थोरलीने विचारलं.

सासूबाईंनी सतरंजीच्या मोकळ्या कडेला ती उशी ठेवली, वरून हात फिरवून मऊ केली. 

"तुझी. तेव्हा तुला कुशीवर पडून रडूही दिलं नाही मी. उठून माझंच दुःख निस्तरलंस तू... पड आता इथे. आजचा चहा मी करते."

आणि थोरली, जिने आयुष्यभर दुसऱ्यांना विसावा शिकवला, ती त्या सतरंजीवर निमूटपणे कुशीवर झाली. उशीला नव्या कापडाचा आणि मशीनच्या तेलाचा वास येत होता. तिने डोळे मिटले आणि इतक्या वर्षांचं पाणी पहिल्यांदा गालावर येऊ दिलं... स्वयंपाकघरात कपबशा वाजत होत्या, आणि शेजारी धाकटी, नियमाप्रमाणे, अखंड बोलत होती.